हॅरिस बेटावरचा एक दिवस: विणकराच्या शेडपासून लस्केंटायरच्या वाळूपर्यंत

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यापलीकडे, अटलांटिक महासागराच्या तोंडावर आउटर हेब्रिडीज ही बेटांची लांबलचक रांग पसरली आहे. त्या रांगेतील सर्वांत मोठ्या भूभागाच्या उत्तरेकडील भागाला लुइस आणि दक्षिणेकडील डोंगराळ भागाला हॅरिस म्हणतात. दोन्ही भाग एकाच जमिनीवर असले तरी बोलताना त्यांना दोन वेगळी बेटे मानण्याचा प्रघात आहे. हॅरिसची ओळख दोन गोष्टींमुळे आहे: पांढऱ्या वाळूचे किनारे आणि हॅरिस ट्वीड हे लोकरीचे कापड. बहुतेक प्रवासी किनारे पाहतात, दुकानातून एखादी टोपी घेतात आणि निघतात. माझ्या मते कापड आणि भूमी एकाच दिवशी, आधी कापड आणि मग भूमी या क्रमाने पाहिली, तर दोन्हींचा उलगडा अधिक चांगला होतो. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने आखले आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या किंवा भारतातून तिकडे जाणाऱ्या, आणि या बेटांवर पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्या वाचकांसाठी ते आहे.

निघण्यापूर्वी

हॅरिसला समुद्रमार्गे जाण्याचे दोन सोयीचे रस्ते आहेत. स्काय बेटावरील उइग बंदरातून कॅलमॅक कंपनीची फेरी बोट सुमारे एक तास चाळीस मिनिटांत हॅरिसमधील टार्बर्ट या मुख्य गावी पोहोचवते. मुख्य भूमीवरील अलापूलहून लुइसमधील स्टॉर्नोवेला जाणाऱ्या बोटीला अडीच ते पावणेतीन तास लागतात, आणि तेथून टार्बर्ट मोटारीने साधारण तासाभराच्या, म्हणजे सुमारे साठ किलोमीटरच्या अंतरावर आहे. स्टॉर्नोवेला ग्लासगो आणि इनव्हर्नेसहून विमानानेही जाता येते. उन्हाळ्यात बोटीवर मोटारीची जागा फार लवकर भरते, त्यामुळे तारखा ठरताच आरक्षण करावे. वाऱ्यामुळे बोटी रद्द होणे येथे नित्याचे आहे. म्हणून परतीच्या बोटीला जोडूनच लंडनचे किंवा मुंबईचे विमान धरू नये, मधे निदान एक मोकळा दिवस ठेवावा.

त्याच दिवशी मुख्य भूमीवरून येऊन परत जाण्याचा हट्ट करू नये. आदल्या रात्री टार्बर्टमध्ये किंवा स्टॉर्नोवेला मुक्काम करावा आणि सकाळी लवकर निघावे.

कोणता वार निवडता यावर दिवसाचे बरेच काही अवलंबून असते. येथील समाजात प्रेस्बिटेरियन चर्चचा प्रभाव खोल आहे आणि रविवार हा विश्रांतीचा व उपासनेचा दिवस म्हणून गांभीर्याने पाळला जातो. बहुतेक दुकाने, विणकरांच्या शेड, बहुतेक उपाहारगृहे आणि बेटावरील बस या दिवशी बंद असतात. त्यामुळे ही सहल सोमवार ते शनिवार यांपैकीच एखाद्या दिवशी करावी. ऋतूंपैकी मे आणि जून सर्वांत अनुकूल असतात. पाऊस तुलनेने कमी असतो आणि जूनच्या अखेरीस रात्री दहानंतरही उजेड राहतो. डिसेंबरात मात्र दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, हे लक्षात ठेवले तर हिवाळ्यात एवढा मोठा कार्यक्रम का आखू नये, हे सांगावे लागत नाही.

मोटार भाड्याने घेताना भारतीय वाचकांची मोठी सोय होते. वाहतूक डाव्या बाजूनेच चालते, आणि भारतात काढलेला, इंग्रजीतील वैध परवाना ब्रिटनमध्ये आल्यापासून बारा महिन्यांपर्यंत चालतो. भाड्याच्या कंपनीच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या आधी वाचाव्यात. ज्यांना मोटार चालवायची नाही त्यांच्यासाठी टार्बर्टहून दक्षिणेकडे बस आहेत, पण त्या मोजक्याच असल्यामुळे वाटेतील दोन-तीनच ठिकाणे निवडावी लागतात.

सामानात वारा अडवणारे जलरोधक जाकीट, आतून घालण्याचा लोकरीचा थर, पाण्यात भिजले तरी चालतील असे बूट आणि बदलण्यासाठी मोजे घ्यावेत. छत्री घेऊच नये, कारण ती येथील वाऱ्यापुढे टिकत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये वारा पडला की मिज नावाच्या बारीक चावऱ्या माशांचे थवे येतात, त्यांच्यासाठी मलम जवळ असावे. मोबाइलला सर्वत्र रेंज मिळत नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा. टार्बर्टमध्येच पेट्रोल भरावे. शाकाहारी वाचकांनी आपला डबा बरोबर ठेवावा. उपाहारगृहांत भाज्यांचे सूप आणि पाव बहुधा मिळतो, परंतु सूपचा पाया मांसाच्या रश्श्याचा आहे का, हे विचारून घ्यावे.

आदल्या रात्री भरती-ओहोटीचे वेळापत्रकही पाहावे. लस्केंटायरचा किनारा ओहोटीला पाहायचा असतो. ओहोटी दुपारनंतर असेल तर येथे दिलेला क्रम जसाच्या तसा पाळावा. ती सकाळीच असेल तर संपूर्ण फेरी उलट दिशेने करावी. कापड आणि भूमी यांचा क्रम त्यामुळे बदलतो, पण भरतीच्या वेळी लस्केंटायरला पोहोचण्यापेक्षा ते बरे.

सकाळ: पूर्व किनारा आणि माग

टार्बर्टहून दक्षिणेकडे जाणारा मुख्य रस्ता काही किलोमीटरनंतर सोडून डावीकडे वळावे. येथून सुरू होणाऱ्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्याला गोल्डन रोड म्हणतात. तो बेज नावाच्या पूर्व किनाऱ्यावरील लहान लहान खाड्यांच्या काठाने जातो. संपूर्ण फेरी साधारण पाऊणशे किलोमीटरची असली तरी त्यासाठी सबंध दिवस लागतो, त्याचे मुख्य कारण हा रस्ता.

रस्ता एका मोटारीपुरताच रुंद आहे आणि ठरावीक अंतरावर पासिंग प्लेस नावाच्या फुगीर जागा आहेत. समोरून वाहन आले आणि अशी जागा तुमच्या डाव्या हाताला असेल, तर तिच्यात शिरावे. ती उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबावे आणि समोरच्याला तिच्यात येऊ द्यावे. मागून कोणी वेगाने येत असेल तर तो बहुधा कामावर निघालेला स्थानिक माणूस असतो, त्यालाही याच जागेत थांबून पुढे जाऊ द्यावे. हात उंचावून आभार मानण्याची रीत सर्वजण पाळतात. छायाचित्र काढण्यासाठी पासिंग प्लेसमध्ये मोटार उभी करून जाणे हा येथे गंभीर असभ्यपणा समजला जातो, कारण त्यामुळे रुग्णवाहिकेचीही वाट अडू शकते. मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या असतात आणि त्या घाईने उठत नाहीत.

या बाजूची भूमी पहिल्यांदा पाहताना मन दबकते. सर्वत्र करडा, उघडा खडक दिसतो. हा लुइशियन नाइस असून त्याचा काही भाग सुमारे तीनशे कोटी वर्षांचा, म्हणजे युरोपातील सर्वांत जुन्या खडकांपैकी आहे. हिमयुगातील हिमनद्यांनी तो घासून काढला आहे. खडकांच्या मधे पाण्याची तळी, पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची, काळी ओली माती आणि हीदरची झुडपे एवढेच दिसते. तरीही नीट पाहिले तर उतारांवर समांतर उंचवट्यांच्या पट्ट्या दिसतात. ते शेतीचे वाफे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम किनाऱ्याच्या सुपीक जमिनीवर मेंढपाळीचे मोठे मळे करण्यासाठी जमीनमालकांनी तेथील कुटुंबांना हुसकावून लावले. त्यांतील अनेकजण कॅनडाला गेले, आणि बरेचसे या खडकाळ किनाऱ्यावर येऊन राहिले. त्यांनी समुद्री शेवाळ आणि पीट माती टोपल्यांतून वाहून आणून खडकांवर हे वाफे रचले आणि त्यांत बटाटे आणि जव घेतले. माणसाला पुरायलाही पुरेशी खोल माती येथे नव्हती, म्हणून मृतदेह खांद्यावरून डोंगर ओलांडून पश्चिमेच्या दफनभूमीत नेले जात. ती पायवाट आजही चालता येते. हे ठाऊक नसताना पूर्व किनारा केवळ ओसाड वाटतो आणि प्रवासी येथून घाईने निघून जातात. माझी आग्रहाची विनंती आहे की एखाद्या सुरक्षित जागी मोटार लावून यांतील एका तरी वाफ्याजवळ जाऊन पाहावे.

शेती अशी तुटपुंजी असल्यामुळेच या वस्त्यांना मासेमारी आणि विणकाम यांचा आधार होता. घरच्या वापरासाठी येथे जाड लोकरी कापड पूर्वापार विणले जात होते. 1840 च्या दशकात डनमोरची काउंटेस कॅथरीन मरे हिने आपल्या घराण्याच्या नक्षीचे कापड स्थानिक विणकरांकडून करवून घेतले आणि नंतर सरदार-उमरावांच्या शिकारीच्या पोशाखांसाठी त्याची शिफारस केली. त्यातून बाजार वाढला, आणि त्यामागोमाग नकलाही आल्या. त्यांना आळा घालण्यासाठी 1909 मध्ये संघटना नोंदवली गेली आणि गोल व त्यावरील क्रूस असे ऑर्ब हे व्यापारचिन्ह मिळवण्यात आले. पुढे 1993 मध्ये ब्रिटिश संसदेने हॅरिस ट्वीड कायदा केला. त्यानुसार हे कापड शुद्ध नव्या लोकरीचे असले पाहिजे, ती लोकर आउटर हेब्रिडीजमध्येच रंगवलेली आणि कातलेली असली पाहिजे, आणि कापड बेटवासीयांनी आपापल्या घरी हाताने विणून बेटांवरच अंतिम संस्कार केलेले असले पाहिजे. मेंढ्या मात्र याच बेटावरच्या असाव्यात अशी अट नाही, आणि बरीचशी लोकर मुख्य भूमीवरून येते.

ड्रिनिशेडरपासून पुढे रस्त्याच्या कडेला ट्वीडच्या पाट्या दिसू लागतात. दार उघडे असेल किंवा पाटीवर तसे लिहिले असेल, तरच आत जावे. ही प्रेक्षणीय स्थळे म्हणून बांधलेली नाहीत, ती घराशेजारची काम करण्याची जागा आहे. आत गेल्यावर माग पाहता येईल का, असे विचारावे. चालू मागाला हात लावू नये आणि छायाचित्रापूर्वी परवानगी घ्यावी. विणकराने काम थांबवून बोलायला सुरुवात केली तर ऐकत राहावे, पण धागा तुटल्यामुळे तो मागावर वाकला असेल तर गाठ पूर्ण होईपर्यंत प्रश्न विचारू नयेत.

मागांचे दोन प्रकार दिसतात. जुना हॅटर्स्ली माग लोखंडी असून विणकर पावड्या दाबत राहतो, तसा धोटा खडखडत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. त्यावर सुमारे पंचाहत्तर सेंटिमीटर पन्ह्याचे कापड निघते. 1990 च्या दशकात आलेला दुप्पट पन्ह्याचा माग सायकलसारखे पायडल मारून चालवतात. दोन्ही पायांनीच चालतात, त्यांना वीज लावता येत नाही, कारण तसे केले तर कायद्याने ते कापड हॅरिस ट्वीड राहत नाही. गिरणीतून रंगीत सूत आणि तयार ताणा विणकराकडे येतो, आणि विणलेले कापड तेलकट अवस्थेत गिरणीकडे परत जाते. तेथे ते धुऊन, दाटवून, तपासून त्यावर ऑर्बचा शिक्का मारला जातो. पूर्वी हे दाटवण्याचे काम बायका घरोघरी करत. ओले कापड फळीवर आपटत, गेलिक भाषेतील गाणी लयीत म्हणत त्या ते घट्ट करत असत.

शेडमध्ये एक गोष्ट आवर्जून करावी. विणकराकडे टाकाऊ सुताचा तुकडा मागावा आणि उजेडात धरून त्याचा पीळ बोटांनी हळूहळू उलगडावा. दुरून तपकिरी दिसणाऱ्या धाग्यात गंजासारखा नारिंगी, पिवळा, हिरवा, जांभळा, कधी चक्क निळा असे वेगवेगळे तंतू निघतात. याचे कारण असे की येथे सूत कातल्यावर रंगवत नाहीत. आधी लोकर रंगवतात, मग अनेक रंगांची लोकर ठरलेल्या प्रमाणात एकत्र पिंजून तिचे सूत काढतात. पूर्वी हे रंग बेटावरच्याच वनस्पतींतून काढत. खडकावरून खरवडलेले दगडफूल लोखंडी कढईत लोकरीबरोबर तासन्‌तास उकळले की तांबूस तपकिरी रंग चढत असे. आज रंग कारखान्यातील आहेत, तरी छटांची निवड अजून या भूमीकडे पाहूनच होते. तो तुकडा खिशात ठेवावा, दुपारी त्याचा उपयोग आहे.

खरेदी करायची असेल तर घाई करू नये. अस्सल कापडाच्या उलट बाजूला ऑर्बचा शिक्का असतो आणि तयार वस्तूला त्याच चिन्हाची विणलेली चिठ्ठी शिवलेली असते. कापड मीटरवर घेताना पन्हा आधी विचारावा, कारण एकेरी पन्ह्याचे कापड दुप्पट लागते आणि किमतीची तुलना करताना नवखा माणूस येथेच फसतो. जाकीट किंवा बंडी शिवून घेण्याचा विचार असेल तर आपल्या शिंप्याला दोन्ही पन्ह्यांचा अंदाज विचारून ठेवावा. हे कापड घोंगडीसारखे अंगाला थोडे राठ लागते, म्हणून अस्तर लावावेच. मुंबई किंवा गोव्याच्या हवेत त्याचे जाकीट वर्षभर कपाटातच राहील. तिकडे राहणाऱ्यांनी पिशवी, पाकीट किंवा उशीचा अभ्रा घेतला तर तो खरोखर वापरात येतो. लहान विक्रीकेंद्रांत कधी कोणी नसते आणि पैसे टाकण्याची पेटी ठेवलेली असते, त्यासाठी थोडी रोकड जवळ असावी.

फिन्सबेपर्यंतच्या वाटेवर कुंभारकाम, विणलेले स्वेटर आणि चित्रे यांची लहान दालनेही आहेत. सर्वच पाहण्याच्या नादात दुपार निघून जाते, म्हणून एक विणकर आणि फार तर आणखी एक दालन एवढ्यावर थांबावे.

दुपार: रोडेल आणि दक्षिण टोक

गोल्डन रोड संपतो तेथे रोडेल हे छोटे गाव आणि सेंट क्लेमंटचे चर्च आहे. प्रवेशशुल्क नाही. आत दक्षिणेकडील भिंतीत मॅक्लाउड घराण्याचा प्रमुख अलास्डर क्रोटाख याची कोरीव समाधी आहे. तिच्यावर 1528 हे साल कोरलेले आहे, म्हणजे त्याने ती मृत्यूच्या बरीच वर्षे आधी स्वतःच करवून घेतली होती. शिडाचे जहाज, किल्ला, हरणांची शिकार आणि येशूच्या बारा शिष्यांच्या आकृती असे तिच्यावरील कोरीवकाम पाहताना लहान टॉर्चचा फार उपयोग होतो, कारण आत उजेड कमी असतो. ज्या काउंटेसने ट्वीडला बाजार मिळवून दिला, तिनेच 1873 मध्ये या चर्चची डागडुजी करवून घेतली.

पुढे लिव्हरबरा येते. साबणाचे कारखानदार लॉर्ड लिव्हरह्यूम यांनी पहिल्या महायुद्धानंतर ही बेटे विकत घेऊन येथे मासेमारीचे मोठे बंदर उभारण्याचा घाट घातला होता, परंतु 1925 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ती योजना मोडली. आज येथे दुकान, पेट्रोल आणि स्वच्छतागृह आहे, जेवणासाठी थांबायला हे ठिकाण ठीक आहे.

तिसरा प्रहर: पश्चिम किनारा

लिव्हरबऱ्याहून उत्तरेकडे वळले की नॉर्थटनपासून देखावा एकदम पालटतो. खडक मागे राहतो आणि डावीकडे हिरवीगार सपाट कुरणे दिसू लागतात. यांना माखेर म्हणतात. समुद्राच्या लाटांनी शंखशिंपल्यांची भुकटी केली, ती चुनायुक्त वाळू वाऱ्याने किनाऱ्यावर आणून आम्लधर्मी पीट मातीवर पसरली, आणि त्यातून ही सुपीक जमीन घडली. जून-जुलैमध्ये येथे पिवळ्या, पांढऱ्या, जांभळ्या रानफुलांचा गालिचा असतो. येथूनच लोकांना हुसकावले होते, हे सकाळचे वाफे पाहिलेल्याला आपोआप आठवते. विसाव्या शतकात काही जमीन पुन्हा लहान शेतकऱ्यांना मिळाली, आणि 2010 मध्ये पश्चिम हॅरिसमधील मोठी जमीन स्थानिक समाजाच्या न्यासाने सरकारकडून ताब्यात घेतली. या न्यासाने उभारलेले टाल्ला ना मारा हे केंद्र रस्त्यालगतच आहे. तेथे चहा, उपाहार आणि कलाकारांच्या खोल्या आहेत. माखेरवर मोटार घालू नये, फाटके जशी सापडली तशीच ठेवावीत आणि वसंतात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांमुळे पायवाट सोडू नये.

जवळच समुद्राकडे तोंड करून सुमारे तीन मीटर उंचीची मॅक्लाउडची शिळा उभी आहे. प्रागैतिहासिक काळातील ही शिळा पाहायला थोडे चालावे लागते, पण तेथून टॅरन्से बेट आणि उत्तरेकडील क्लिशमचे डोंगर एका नजरेत येतात. 799 मीटर उंचीचे क्लिशम हे आउटर हेब्रिडीजमधील सर्वोच्च शिखर होय.

शेवटी मुख्य रस्ता सोडून लस्केंटायरच्या अरुंद फाट्याने टोकापर्यंत जावे. मोटारी लावण्याची जागा दफनभूमीजवळ आहे आणि ती लहान आहे. दफनभूमी आजही वापरात आहे, अंत्यविधी चालू असेल तर आवाज न करता थांबावे किंवा परत फिरावे. वाळूच्या टेकड्यांमधून जाणारी मळलेली वाट धरली की समोर ओहोटीने उघडी पडलेली वाळू मैलोन्‌मैल पसरलेली असते. उथळ पाण्याखाली पांढरी वाळू असल्यामुळे पाणी काठाशी फिकट हिरवे, पुढे निळसर हिरवे आणि खोलात गडद निळे दिसते, आणि ढगाची सावली सरकली की हे सारे रंग जागा बदलतात.

खिशातला धागा येथे बाहेर काढावा आणि उलगडलेले तंतू एकेक करून समोरच्या देखाव्याशी ताडून पाहावेत. नारिंगी तंतू दगडफुलाशी जुळतो, पिवळा वाळलेल्या गवताशी, जांभळा डोंगरावरच्या हीदरशी. सगळेच जुळतीलच असे नाही, पण जुळवताना नजर बारीक होते आणि केवळ सुंदर म्हणून सोडून दिलेल्या देखाव्यातले तपशील दिसू लागतात.

पाण्यात उतरण्याचा मोह होईल. उन्हाळ्यातही पाणी अत्यंत थंड असते आणि येथे जीवरक्षक नसतात, त्यामुळे पोहता येत असले तरी गुडघ्याएवढ्या पाण्यापलीकडे जाऊ नये. वाळूवर दूर चालत जाणाऱ्यांनी भरती कधी सुरू होते हे घड्याळात पाहून निघावे, कारण खाडीच्या बाजूने पाणी मागून वेढा घालते.

संध्याकाळ

लस्केंटायरहून टार्बर्ट अर्ध्या तासाच्या आतबाहेर आहे. या रस्त्यावर सूर्य मावळताना मेंढ्या आणि कधी हरणे उबदार डांबरावर येतात, म्हणून वेग कमी ठेवावा. टार्बर्टमध्ये 2015 साली सुरू झालेली डिस्टिलरी आहे. तेथील जिनमध्ये स्थानिक समुद्री शेवाळ वापरतात. ती संध्याकाळी लवकर बंद होते, त्यामुळे ज्यांना पाहायची आहे त्यांनी दुसऱ्या दिवशीची वेळ घ्यावी. जेवणाची जागा सकाळीच राखून ठेवलेली असावी, कारण गावात उपाहारगृहे थोडी आहेत आणि स्वयंपाकघरे लवकर आटोपतात. झोपण्यापूर्वी कॅलमॅकच्या संकेतस्थळावर दुसऱ्या दिवशीच्या बोटीची स्थिती पाहावी. वाऱ्याचा इशारा असेल तर मुक्कामाच्या घरमालकाला त्याच रात्री सांगून आणखी एका रात्रीची सोय विचारून ठेवावी.